मायच्या गोळ्या

“कला, पाह्य बरं, तुहे मामंजी वावरातून आले का. उन्ह लय झालं.”

गच्चीवर ओल्या फडक्यावर ज्वारीच्या पापडाची बिबडी थापता थापता कलाबाईचा हात थांबला. मामंजी, म्हणजे तिचे सासरे कडूबा, जाऊन दोन उन्हाळे झाले होते. सासू मनकर्णाबाई समोरच टाकीच्या सावलीत बसली होती. तिच्या तोंडावर थट्टा नव्हती, दुःखही नव्हतं. जेवायची वेळ झाली की घरातलं माणूस सहज विचारतं, तसंच तिनं विचारलं होतं.

“काय म्हणता, आत्याबाई?”

“आले असले तं पाणी दे त्याईले,” असं म्हणत मनकर्णाबाई उठली आणि जिन्याच्या बाजूनं निघाली. पाय मात्र भलतीकडेच पडत होते. स्लॅबच्या त्या बाजूला अजून कठडा बांधलेला नव्हता. कलाबाई वाळत घातलेल्या बिबड्या तुडवत धावली आणि तिनं म्हातारीला कमरेला धरून मागं ओढलं. दोघी टाकीपाशी पडल्या. कलाबाईचं कोपर सोललं. मनकर्णाबाईचं कपाळ टाकीवर आपटलं आणि भुवईच्या वर टेंगूळ आलं.

“अवो, लवकर वर या!” कलाबाईनं खाली नवऱ्याला हाक मारली.

भागवत वर आला. त्यानं आईला उचलून खाली आणलं आणि कूलरपुढं निजवलं. कोणी लिंबूपाणी आणलं, कोणी गार पाण्याचा तांब्या. गेल्या आठवड्याभरात घरात हेच चाललं होतं. मायला मळमळायचं, डोकं दुखायचं, चालताना झोक जायचा. मे महिन्याचं उन्ह होतं, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की तिला उन्ह लागलं. जो तो तिला पाणी पाजत होता आणि तीही मुकाट्यानं पीत होती.

परवा काजलचा साखरपुडा होता. भागवत आणि कलाबाईची ती एकुलती एक लेक. नवरा मुलगा हरिओम संग्रामपूरचा, कृषी केंद्र चालवणारा. पिंपळगाव राजातल्या भागवतच्या घरी रंग दिला होता, मांडववाल्याचे बांबू येऊन पडले होते. मनकर्णाबाईची लेक मदतीला म्हणून रोहिणखेडहून आधीच आली होती. तिचं वय पंचेचाळीसच्या पुढं, पण या घरात तिला अजूनही छकुलीच म्हणत. धाकटा राजकुमार मलकापूरला शिक्षक होता. तो त्याच सकाळी पोचला होता.

मायचा डोळा लागला असं पाहून तिघं भावंडं समोरच्या खोलीत बसली.

“मले तं वाटते, तो आजार पलटला,” राजकुमार हळू आवाजात म्हणाला. “बाबा गेल्यावर झालतं तसंच. बुलढाण्याच्या डॉक्टरले फोन लावू. गोळी वाढवून देतील.”

“वाढवून कायले देतीन?” छकुली फणकारली. “त्या गोयीनंच हे झालं. दीड वर्ष झालं, रोज डोक्याची गोयी घेऊन राह्यली माय. मेंदू वायून गेला तिचा. मी म्हणतो, आजच्या आज बंद करा.”

“कोनी काई बंद करत नाई आन् कोनी काई वाढवत नाई,” भागवत म्हणाला. “उन्ह लागलं हाय. वय झालं हाय. दोन दिवस तिले मांगच्या खोलीत निजू द्या. पाव्हण्याईनं विचारलं तं सांगू, ताप हाय. आन् छकुली, ते डोक्याची-गिक्याची गोयी म्हणू नको मोठ्यानं. भिताडाले कान असतात. दुपारी पंजाबराव येऊन राह्यले.”

पंजाबराव म्हणजे हरिओमचे वडील. पाहुणे किती येणार, जेवणात काय, हे ठरवायला ते येणार होते.

कलाबाई दाराला टेकून उभी होती. या घरात सव्वीस वर्षं झाली, तरी अशा बैठकीत ती सहसा बोलत नसे. सासूशी तिचं कधी गोडीगुलाबीनं चाललं होतं असंही नाही. पण कडूबा गेल्यावर मनकर्णाबाई कापसाच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायला लागली, तेव्हा तिला घास भरवणारी कलाबाईच होती. मनकर्णाबाई महिनोन्‌महिने बोलली नाही, हसली नाही. एकदा फक्त म्हणाली होती, “कला, विहिरीकडं जाऊ देऊ नको मले.” त्या दिवशी कलाबाईनं भागवतच्या मागं लागून तिला बुलढाण्याच्या मनोविकार डॉक्टरकडं नेलं होतं. गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत मनकर्णाबाई पुन्हा सुनेच्या भाजीत खोड काढायला लागली. कलाबाई त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडली होती.

“हे थे नाई,” ती आता म्हणाली.

तिघांनी वर पाहिलं.

“काय थे नाई?”

“थो आजार नाई हा. तवा त्या बोलत नव्हत्या, पन त्याईले समजत सगयं होतं. कोन आलं, कोन गेलं, आज वार कोनता. आता उलटं हाय. आता बोलून राह्यल्या, हसून राह्यल्या, आन् समजत काईच नाई. सकायी मले इचारलं, मामंजी आले का. आठ दिवसांआंधी याच बाईनं मले काजलच्या आत्याईच्या, मावश्याईच्या, सगळ्याईच्या साड्या कोनाले कोनती ते तोंडपाठ सांगतलं होतं. आठ दिवसात म्हातारपन येते का?”

राजकुमार काही बोलणार, इतक्यात आतून ओकारीचा आवाज आला. सगळे धावले. मनकर्णाबाई पलंगाच्या कडेला कलली होती. नुसतं पाणी पडत होतं. छकुलीनं तिचं डोकं धरलं.

“माय, मी हाव. छकुली.”

मनकर्णाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. “कोनाची लेक व बाई तू? उन्हाची कायले आली?” आणि पुन्हा डोळे मिटले.

छकुलीनं मायचं डोकं उशीवर ठेवलं. मग ती कलाबाईकडं वळली. या दोघी नणंद-भावजयांचं एकमत झाल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं. “वहिनी,” ती म्हणाली, “चाल. आताच खामगावले नेऊ.”

“आवं, पन पंजाबराव येतीन ना,” भागवत म्हणाला. “साखरपुडा परवावर आला. दवाखान्यात नेलं तं गावभर होईन.”

“होऊ द्या,” कलाबाई म्हणाली. “काजल, आजीच्या गोया घे सगळ्या. पाकिटं, बाटल्या, जे असन थे. दोन्ही डाक्टरच्या, बीपीच्याबी.”

आपली बायको आपल्याला न विचारता काही सांगते आहे, हे भागवतला उमगेपर्यंत काजलनं गोळ्यांची पिशवी आणली होती. त्याच वेळी दारात जीप थांबली. पंजाबराव उतरले. धिप्पाड, पांढरी टोपी, आवाज मोठा. पलंगावरच्या म्हातारीकडं बघून त्यांनी पायातली चप्पलही काढली नाही.

“असं बघत काय बसले, भागवतराव? उचला. माही गाडी दारातच हाय.”

*

जीपमध्ये भागवत पुढं पंजाबरावांच्या शेजारी बसला. मागं कलाबाई आणि छकुलीच्या मांडीवर माय होती, राजकुमार पायाशी. रस्त्यानं पंजाबराव एकदाच म्हणाले, “आमची आई बी उन्हानंच गेली.” भागवतनं मान हलवली. त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. दवाखान्यात डॉक्टर विचारतील, कोणत्या गोळ्या चालू आहेत. आणि हा माणूस शेजारी उभा असेल.

त्याला पंजाबरावांची भीती नव्हती. त्याला भीती होती त्यांच्या भावकीची. कडूबांच्या मागं बुढी येडी झाली, हे एकदा संग्रामपूरला पोचलं की पुढचं वाक्य ठरलेलं होतं: आजी तशी, मग नात कशी निघेल कोणाला ठाऊक. काजलचं एक स्थळ मागच्या वर्षी काही कारण न सांगता परतलं होतं. तेव्हापासून त्यानं घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. गुढीपाडव्यानंतर मायचं बीपी वाढलं, तेव्हा तो तिला एका दुसऱ्या डॉक्टरकडं घेऊन गेला होता. आणखी काही औषध चालू आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. बाकावर गावचे दोघंजण बसलेले होते. तो म्हणाला होता, “नाई.”

खामगावच्या दवाखान्यात डॉक्टर मधुवंती पांढरीपांडे ड्यूटीवर होत्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. त्यांनी आधी मायची नाडी पाहिली, बीपी पाहिलं, बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय उचलायला सांगितले. मग विचारलं, “आजी, आत्ता आपण कुठं आहोत?”

“वावरात,” माय म्हणाली.

“हे कधीपासून?”

“आठ दिवस झाले,” राजकुमार म्हणाला. “आधी मळमळ, डोकेदुखी. मग तोल. असं असंबद्ध बोलणं आज सकाळपासून. आज पडली, डोक्याला लागलं.”

“ताप? लघवीला जळजळ? छातीत दुखणं? नवीन काही औषध?”

“बीपीची गोयी,” भागवत पटकन म्हणाला. “तेवढीच.”

“आणखी काही नाही?”

पंजाबराव भिंतीला टेकून उभे होते. भागवतनं मान हलवली. “नाई.”

“हाय,” कलाबाई म्हणाली.

तिनं पिशवी टेबलावर उपडी केली. भागवतनं तिच्याकडं पाहिलं. तिनं पाहिलं नाही. ती डॉक्टरशीच बोलत होती, आणि थांबत नव्हती. “दीड वर्षापासून त्याईले मनाच्या डाक्टरची गोयी चालू हाय. ही. मामंजी गेल्यावर त्याईनं अन्न सोडलं होतं. जीव द्यायची गोष्ट केली होती. या गोयीनं बऱ्या झाल्या. आन् ही बीपीची, पाडव्यानंतर नवी आनली. ही घेतल्यापासून त्याईले लघवी लय होते, तहान लय लागते. मंग आमी पानी पाजतो. आज सकायपासून दोन तांबे झाले असतीन.”

पंजाबराव भिंतीपासून सरकून पुढं आले.

डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं उचलली, वाचली, शेजारी शेजारी ठेवली. “बरं झालं सांगितलंत. आता पाणी देऊ नका. एक घोटही नाही, मी सांगेपर्यंत.” मग नर्सला म्हणाल्या, “सोडियम तातडीनं. किडनी, रक्त, लघवी, सगळं पाठवा. ईसीजी काढा. आणि डोक्याचं सीटी. पडल्या आहेत, आत रक्तस्राव नाही ना हे बघायलाच हवं.”

“पानी नाई?” भागवतला राहवलं नाही. “म्याडम, बाहेर चव्वेचाळीस डिग्री हाय. मायले उन्ह लागलं, आन् तुमी पानी बंद करता?”

“रिपोर्ट येऊ द्या. मग ओरडा माझ्यावर.”

सीटी चांगलं निघालं, रक्तस्राव नव्हता. पण रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर स्वतः बाहेर आल्या.

“यांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ समजा, एकशे पंधरा आहे. एकशे पस्तीसच्या वर असायला हवं. त्यामुळं मेंदूला सूज येते. म्हणून हा गोंधळ, हा तोल. आणखी खाली गेलं असतं तर झटके आले असते. दोन दिवस घरी ठेवलं असतं तर काय झालं असतं, ते मी सांगत नाही.”

“कशानं झालं?” राजकुमारनं विचारलं.

“मनाच्या या गोळीनं काही जणांच्या शरीरात पाणी साठतं आणि मीठ पातळ होतं. वय झालेल्या बायकांत जास्त. त्यांना दीड वर्ष ती सोसली. पण बीपीची ही गोळी लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी आहे. दोन्ही एकत्र आल्या आणि वरून भरपूर पाणी. ज्यांनी बीपीची गोळी दिली त्यांना दुसरी माहीत होती का?”

भागवतनं खाली फरशीकडं पाहिलं. डॉक्टरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. “बीपीची ती गोळी कायमची बंद. मनाची सध्या थांबवते, बुलढाण्याच्या डॉक्टरांशी बोलूनच. सलाइनमधून मीठ देऊ, पण अगदी हळू, दर काही तासांनी रक्त तपासत. एकदम वाढवलं तरी मेंदूला इजा होते. त्यामुळं आयसीयूत ठेवावं लागेल. आणि पाणी मी सांगेन तेवढंच. त्या मागतील, रडतील. कोणी लपून पाजू नका.”

डॉक्टर आत गेल्या. पंजाबरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मी निघतो,” ते म्हणाले. “साखरपुड्याचं मंग पाहू.” आणि ते गेले.

भागवत बाकावर बसला. “झालं तुह्या मनासारखं?” तो बायकोला म्हणाला. “पोरीचं मोडलं आज तू.”

“मोडलं तं मोडलं,” कलाबाई समोरच्या बाकावरून म्हणाली. “पोरीले दुसरं स्थय येईन. तुमाले दुसरी माय भेटते का?”

छकुली येऊन कलाबाईच्या शेजारी बसली. राजकुमारही तिकडंच उभा राहिला. भागवतच्या बाकावर भागवत एकटाच होता.

*

मनकर्णाबाईला पहिली कळली ती तहान. मग हिरवा पडदा, मग कोणीतरी हाताला बांधलेली नळी. मध्ये किती काळ गेला ते तिला कळलं नाही. एकदा ती वावरात होती आणि कडूबा बांधावर पाठमोरे उभे होते. एकदा नर्स विचारत होती, आजी वार कोणता. तिनं सांगितलं तो चुकला. पुन्हा केव्हातरी विचारलं, तेव्हा बरोबर आला, आणि तिच्या उशाशी बसलेली कलाबाई तोंडाला पदर लावून हसली की रडली, ते तिला नीट दिसलं नाही.

“पानी दे व कला.”

“अर्धा कपच हाय आत्याबाई. डाक्टरनं मापून देल्लं.”

“तू सासू झाली काय माही?”

“हाव, चार दिवसांसाठी.”

अर्धा कप तिनं जिभेवर घोळवत घोळवत प्यायला.

साध्या खोलीत आणल्यावर तिला सगळं समजलं. साखरपुडा झाला नव्हता. संग्रामपूरहून निरोप नव्हता. भागवत रोज येई आणि पायाशी बसे. एका दुपारी ती डोळे मिटून पडली होती तर पोरं तिच्या उशाशीच भांडायला लागली.

“बुलढाण्याचे डॉक्टर दुसरी गोळी सुचवतात,” राजकुमार सांगत होता. “तिनं मीठ कमी व्हायचा धोका बराच कमी आहे म्हणे. कमी मात्रेनं सुरू करायची, आठवड्यानं रक्त तपासायचं, मग पुन्हा.”

“आता कोनतीच नको,” भागवत म्हणाला. “एका गोयीनं मरता मरता वाचली. आता चांगली हाय ना? मंग झालं.”

“माह्या बी मनात तेच येते,” छकुली म्हणाली. “वहिनी, तू काई बोल ना.”

“मी काय बोलू? आंधी काय हालत होती, थे मी पाह्यली. तू आन् राजकुमारभाऊजी नव्हते तवा घरी.”

“म्हंजे आमी मायले टाकून देल्ली होती का?”

“मले इचारा की बे,” मनकर्णाबाई डोळे न उघडताच म्हणाली.

चौघे तिच्याकडं वळले. तिनं हात टेकून उठायचा प्रयत्न केला. राजकुमारनं उशी लावली.

“डाक्टरीन बाईले बोलवा.”

डॉक्टर पांढरीपांडे राऊंडला आल्याच होत्या. मनकर्णाबाईनं त्यांना समोर खुर्चीवर बसायला लावलं. “बाई, मले सरय सांगा. गोयी नाई घेतली तं काय होईन?”

“कदाचित काही नाही. कदाचित सहा महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखं. तुमचा आजार मोठा होता, म्हणून मला पुन्हा होण्याची भीती जास्त वाटते.”

“आन् नवी घेतली तं मीठ पुन्हा उतरन?”

“उतरू शकतं. शक्यता कमी, पण आहे. म्हणून तपासत राहायचं. मळमळ, डोकेदुखी, झोक, विसरणं, यातलं काही नवीन दिसलं की उन्ह म्हणायचं नाही, वय म्हणायचं नाही. थेट यायचं. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, वाढवायची नाही. आणि कोणत्याही डॉक्टरकडं गेलात, अगदी दात काढायला गेलात, तरी सगळ्या गोळ्या सांगायच्या.”

मनकर्णाबाईनं खिडकीकडं पाहिलं. कापसाच्या खोलीतली भिंत तिला आठवली. त्या भिंतीवर पोपडा निघाला होता, त्याच्याकडं ती दिवसभर बघे. भूक नव्हती, तहान नव्हती, नातीच्या हाकेला ओ द्यावी असं वाटत नव्हतं. आता घसा कोरडा पडला होता आणि पाणी हवं होतं. हवंसं वाटणं ही केवढी गोष्ट असते, हे तिथून परत आलेल्यालाच ठाऊक.

“लिहा गोयी,” ती म्हणाली. “त्या खोलीत मी पुन्हा जात नाई.”

“माय, पन...” भागवत म्हणाला.

“भागवत, मीठ उतरलं तं रक्तात दिसते. थे मन उतरलं तं कोनाले दिसलं होतं रे? कला नसती तं तुमी माहं तेरावं केलं असतं.”

*

मायला घरी आणल्यावर पंजाबराव आले, ते एकटेच. काजलनं चहा ठेवला. त्यांनी मनकर्णाबाईची विचारपूस केली आणि मग भागवतला बाजूला घेऊन बोलले. त्यांचा बाजूला घेऊन बोलण्याचा आवाजही सगळ्या घराला ऐकू जाईल असाच होता.

“मले काई अडचन नाई, भागवतराव. पोराले बी नाई, मी त्याले सांगतलं. पन घरच्या बायाईले मी काई बोललो नाई. उन्ह लागलं होतं, येवढंच सांगतलं. तुमीबी तेच ठेवा. येत्या रविवारी साखरपुडा उरकून घेऊ.”

भागवतचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला. पाहुणे गेल्यावर तो आत येऊन म्हणाला, “जमलं. देव पावला.”

“काय जमलं?” मनकर्णाबाईनं विचारलं. “मी उन्हानं पडली, हे?”

“माय, आता तू काई काढू नको. येवढी गोष्ट झाकली तं काय बिघडते?”

“झाकल्यानंच बिघडलं होतं ना बाबू.” ती रागावली नव्हती. “उद्या थेच झाकाले काजल शिकन. तिले काई झालं तं थे कोनाले सांगन? काजल, इकडं ये.”

काजल पुढं आली. मनकर्णाबाईनं तिचा हात हातात घेतला. “लगन तुहं हाय. मी सांगितलं तं मोडू शकते. तू नको म्हनशील तं मी तोंडाले कुलूप लावतो. तुह्या बापासाठी नाई लावनार, तुह्यासाठी लावतो.”

काजलनं आईकडं पाहिलं. वडील मान हलवून नको नको करत होते.

“सांग आजी,” काजल म्हणाली. “मोडायचं असलं तर आंधीच मोडू दे. मी तिथं जाऊन रोज भ्यायची नाई.”

रविवारी मांडव भरला. संग्रामपूरच्या बायका सतरंजीवर बसल्या, मध्ये हरिओमची आई शरयूबाई, शेजारी त्यांची थोरली नणंद. काजल पाटावर यायची होती. तेवढ्यात मनकर्णाबाई काठी टेकत बाहेर आली आणि बायकांच्या पुढं खुर्चीवर बसली. कुणीतरी सरबताचा पेला पुढं केला.

“नाई. मले मापून प्या लागते,” ती म्हणाली, आणि मग आवाज चढवला, म्हणजे पुरुषांच्या बाजूलाही जाईल. “पोरगी पाटावर येयाच्या आंधी एक सांगतो. मले उन्ह लागलं नव्हतं. माहे मालक गेले तवा मले मनाचा आजार झाला. डाक्टर केला, गोयी घेतली, बरी झाली. त्या गोयीची आन् बीपीच्या गोयीची भांडनं झाली, म्हनून आता आजारी पडली. आता दुसरी गोयी हाय. थे मी घेनार, जितके दिवस लागन तितके. पोरीत काई खोट नाई, पन तिच्या आजीची गोष्ट तुमाले बाहेरून कयाले नको. ज्याले उठाचं असन त्यानं आताच उठा. मले राग नाई.”

पुरुषांच्या बाजूला पंजाबराव मान खाली घालून बसले. भागवत मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. हरिओम जागेवरच उठून उभा राहिला आणि त्यानं आईकडं पाहिलं.

थोरली नणंद खरंच उठली. पदर सावरत मांडवाबाहेर जाऊन कडुलिंबाखाली बसली. तिच्या मागं आणखी कोणी जातं का, म्हणून सगळे बघत राहिले.

शरयूबाईनं नवऱ्याकडं एक नजर टाकली. घरी गेल्यावर त्यावर बोलणं व्हायचं होतं, हे सगळ्यांना कळलं. मग ती मनकर्णाबाईला म्हणाली, “आता बरी हाय ना तब्येत?”

“बरी हाय.”

“मंग पोरीले बोलवा. मुहूर्त जाऊन राह्यला.”

कलाबाईनं काजलला आणलं. छकुलीनं पाट सरळ केला. ओटी भरली, साडी दिली, पेढा भरवला. सगळं चाललं होतं, तेव्हा मनकर्णाबाईनं राजकुमारला जवळ बोलावलं. “लिंबाखाली त्या बाई बसल्या, त्याईचं ताट तिथंच नेऊन दे. जेवल्याबिगर जाऊ देऊ नको.”

संध्याकाळी पाहुणे गेले. मांडववाले बांबू सोडत होते. भागवत ओट्यावर आईच्या शेजारी येऊन बसला.

“थकली असशीन,” तो म्हणाला.

“थकली. पन चांगली थकली.” तिनं पाय लांब केले. “उद्या रक्त तपासाले जा लागते खामगावले. कलाले घरी लय काम हाय. तूच चाल माह्यासंग.”

“येतो ना.”

“आन् डाक्टरीन बाईनं इचारलं ना, कोनत्या कोनत्या गोया चालू हायत, तं मी नाई बोलनार.” तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तू सांगजो. सगळ्या.”